थोडी हवा येऊ दे

फडकेकाकांचं आडनाव फडके नाही. खरं आडनाव काय, ते पोस्टमनला विचारावं लागेल, आणि तोही आता नुसतं 'फडके' लिहिलेली पाकिटं बिनबोभाट त्यांच्याच दारात टाकतो. बारा महिने तेरा काळ खांद्यावर एक पांढरं फडकं असतं, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. माणूस बसण्याआधी खुर्ची पुसतो, चहा पिण्याआधी कप पुसतो आणि बोलण्याआधी चष्मा पुसतो. कुणाकडे गेले की दारावरची बेल वाजवतात आणि लगेच तिचं बटण पुसतात, त्यामुळे ती दोनदा वाजते. आतल्यांना कळतं, कोण आलंय ते.

लग्नाच्या दिवशी फोटोवाला तीनदा 'इकडे बघा' म्हणाला आणि तिन्ही वेळा हे त्याच्या कॅमेऱ्याची काच पुसायला उठले, असं काकू सांगतात. खरंखोटं त्यांनाच ठाऊक, पण भिंतीवरच्या त्या फोटोत काकू एकट्याच आहेत आणि डाव्या कडेला एक कोपर आहे.

घरात जो रोग, तोच छापखान्यात गुण ठरला. तिथे तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून त्यावरून व्हिजिटिंग कार्डं आणि आमंत्रणपत्रिका छापतात. पत्र्यावर शाई फासायची, ती कोरलेल्या रेघांमध्ये मुरवायची आणि मग वरची सगळी पुसून काढायची. रेघेत शाई राहिली पाहिजे आणि बाहेर तीळभर दिसता कामा नये. आधी जाळीदार कापडाने पुसायचं, मग तळहाताला खडूची पूड लावून नुसत्या हाताने. त्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसचं मोठं चाक फिरवायचं. हे पुसणं काका पस्तीस वर्षं करत होते आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुलापाशी दुसरा एक छापखाना आहे. तिथला छापखानेवाला एकदा मुद्दाम बघायला आला होता, बघून काही न बोलता गेला, आणि काकांनी ती गोष्ट पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितली.

पण एक सल होता. कार्डाचं आयुष्य ते काय. हातातून खिशात, खिशातून ड्रॉवरमध्ये, आणि शेवटी जेवणानंतर कुणीतरी त्याच्या कोपऱ्याने दात कोरतो. काकांच्या हातचं काहीही आजवर भिंतीवर लागलं नव्हतं. लग्नाच्या फोटोत तेवढं कोपर होतं.

तर एका सोमवारी चित्रकलेच्या बाई छापखान्यात आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण अजूनही रस्त्यात कुणी वाकडंतिकडं चालताना दिसलं की त्या 'रेघ सरळ' म्हणतात आणि पन्नाशीचे बाप्ये सरळ चालू लागतात. त्यांनी छातीशी जुन्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून धरलं होतं. छापखान्याच्या मालकांना वाटलं, मांजर आहे. ते दोन पावलं मागे सरकले. टॉवेलातून निघाला तांब्याचा पत्रा, वहीच्या दोन पानांएवढा.

बाईंनी त्यावर नदीकाठ कोरला होता. पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा अॅसिडमध्ये बुडवायचा. जिथे सुई गेली तिथलं तांबं अॅसिड खातं. एचिंग म्हणतात त्याला. सुई धरताना हात थरथरत नाही, नंतर थरथरतो, असं बाई म्हणाल्या. पुसायला लागतो तेवढा जोर मात्र आता उरला नव्हता. शाळेच्या सभागृहात पुढच्या आठवड्यात जुन्या शिक्षकांच्या कामाचं प्रदर्शन होतं. त्यासाठी बारा प्रती हव्या होत्या.

मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी काकांकडे निरखून पाहिलं. "तू तोच ना रे, खोडरबरवाला?"

काका अठ्ठावन्न वर्षांचे, तरी कानशिलं लाल झाली. पाचवीत असताना त्यांनी घराचं चित्र काढलं होतं आणि इतकं खोडलं होतं, की कागदाला भोक पडलं. बाईंनी त्याखाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'खिडकी छान.'

बाईंनी सौदा सरळ ठेवला. आधी नमुना काढून दाखवायचा. शनिवारपर्यंत मनासारखा जमला, तर बाराही प्रती काकांच्या हातच्या, आणि त्या भिंतीवर लागणार. नाही जमला, तर पत्रा पुन्हा टॉवेलात आणि टॉवेल पुलापाशी.

पुलापाशी म्हटल्यावर काकांनी चष्मा काढून दोन्ही बाजूंनी पुसला.

मंगळवारी त्यांनी पहिला नमुना काढला. आणि काय ती बाईंची रेघ! अगदी पुढे काठावरच्या पायऱ्या, त्यांच्याजवळ होडी बांधायचा खांब, खांबाला लोखंडी कडं. तिथली रेघ जाड, खोल, हात लावला तर बोटाला लागेल अशी. मग दोन होड्या, त्यातली दुसरी जरा बारीक रेघांची. पलीकडच्या काठावर गोदामाची नुसती एक कड आणि धुराड्याच्या दोन रेघा, केसासारख्या. पाणी म्हणून तर सात-आठ आडव्या फटकाऱ्यांपलीकडे काहीच नव्हतं. काकांना वाटलं, बाई दमल्या असाव्यात. पूलही त्यांनी अर्ध्यावर सोडला होता. तरी काकांनी आपलं काम चोख केलं. पुसलं, पुन्हा पुसलं, खडूची पूड लावून तळहाताने पुसलं. कागदावर काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं उमटलं. मागे न्यायाधीशांसाठी छापलेलं कार्डही इतकं स्वच्छ आलं नव्हतं.

बाई येऊन गेल्या तेव्हा काका जेवायला घरी गेले होते. मालकांच्या सांगण्याप्रमाणे बाईंनी नमुना खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला, दोनदा 'हं' केलं आणि 'कुणाच्या चहाचं आमंत्रण आहे हे' असं विचारलं. मालकांनी अगदी मनापासून सांगितलं, की नाही, हे तुमचंच चित्र आहे. मग त्या चिठ्ठी ठेवून गेल्या. चिठ्ठीत एवढंच होतं, 'रेघ उत्तम. थोडी हवा येऊ दे.'

काकांनी ती दोनदा वाचली आणि त्यांना अपराध्यासारखं झालं. खरंच होतं. कागद ओलसर राहावा म्हणून छपाईच्या खोलीच्या खिडक्या कायम बंद असत, आत शाईचा आणि तेलाचा वास कोंडलेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, तिला गुदमरलं असेल. वर त्या बिचारीने तोंडाने बोलूनही दाखवलं नाही, चिठ्ठी लिहिली.

बुधवारी सकाळी काकांनी खिडक्यांवर हल्ला चढवला. दोन सहज उघडल्या. तिसरी मालकांच्या वडिलांच्या काळात रंगाने चिकटली होती, ती पटाशी आणि शिव्या यांच्या मदतीने उघडली. दुकानातला टेबलफॅन आत आणून बाईंच्या खुर्चीसमोर ठेवला. हवा कशी खेळती झाली! इतकी खेळती, की ओल्या कागदांचा गठ्ठा अर्ध्या तासात पापडासारखा वाळला. वरचे चार कागद उडाले. मालक त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावले आणि तीन घेऊन परत आले. चौथा समोरच्या न्हाव्याच्या आरशावर जाऊन बसला होता.

सुक्या कागदावर शाई नीट उतरत नाही. दुसरा नमुना असा आला, की जणू नदीकाठ उंदरांनी कुरतडलाय.

बाई आल्या, फॅनसमोर बसल्या आणि त्यांचा अंबाडा सुटला. काका अभिमानाने म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिल्याप्रमाणे हवेची सोय केली आहे."

बाईंनी एकदा खिडक्यांकडे पाहिलं, एकदा फॅनकडे, एकदा हातातल्या कुरतडलेल्या नदीकडे. त्यांचे खांदे हलू लागले. रडताहेत की हसताहेत, हे मालकांना कळेना, म्हणून त्यांनी पाणी आणलं.

"अरे, खोलीत नाही," पाणी पिऊन बाई म्हणाल्या. "चित्रात."

"चित्रात हवा भरायची म्हणजे," मालक पुटपुटले, "सायकलची ट्यूब आहे का?"

बाईंनी काकांचाच हात धरून पत्र्यावर नेला. जाळीच्या कापडाने पुसून झालं की पत्र्यावर एक धुरकट, पातळ थर उरतो बघ, म्हणाल्या, तो पुरता काढायचा नाही. कुठे ठेवायचा, कुठे उडवायचा. तीच हवा.

"तो?" काकांनी हात काढून घेतला. "तो मळ आहे, बाई."

"तुझ्या कार्डावर मळ. माझ्या नदीवर हवा."

"पस्तीस वर्षांत माझ्या हातून मळ राहिलेला नाही. आता कसा ठेवू?"

आवाज जरा चढलाच. बाईंनी अंबाडा बांधला, टॉवेलाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. शनिवारी येते, म्हणाल्या, टॉवेल घेऊनच येते.

गुरुवारभर काकांनी रागारागाने कार्डांचे पत्रे पुसले. रात्री जेवताना तोंड उघडलं ते काकूंपुढे. सगळी कैफियत मांडली. म्हणे मळ ठेव. उद्या पुलापाशी तो छापखानेवाला म्हणेल, फडक्यांना पुसता येईना म्हणून काम माझ्याकडे आलं. आणि चित्र तरी धड आहे का? सात कमानींचा पूल, बाईंनी साडेतीन कमानी काढून हात झटकले.

काकूंनी भाजी वाढता वाढता विचारलं, "सातच आहेत हे तुम्हाला काय ठाऊक?"

"अगं, जन्म गेला माझा नदीकाठी."

"जन्म गेला तुमचा चष्मा पुसण्यात," काकू म्हणाल्या. "उद्या सकाळी जा, मोजून या. आणि येताना ब्रेड आणा."

म्हणून शुक्रवारी भल्या सकाळी काका नदीवर गेले. पहिला स्वच्छ नमुना गुंडाळी करून काखेत घेतला होता, बाईंची चूक पुराव्यानिशी सापडावी म्हणून. पायऱ्यांवर बसण्यासाठी त्यांनी सवयीने खांद्याकडे हात नेला. खांद्यावर काही नव्हतं. काकूंनी फडकं रात्रीच सोड्यात भिजत टाकलं होतं. हे मुद्दाम होतं की योगायोग, यावर त्या आजही नुसत्या हसतात.

न पुसलेल्या पायरीवर काका बसले, म्हणजे जेमतेम टेकले. समोर पाहिलं तर सगळं धुरकट. चष्मा मळलाय, त्यांनी ठरवलं. काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, घातला. तेच. पुन्हा पुसला, फुंकर मारून पुसला. जवळचा खांब लख्ख दिसत होता, कड्याला बांधलेल्या दोराचा पीळन् पीळ मोजता येत होता. पण पलीकडे नजर गेली की मळच मळ. चौथ्यांदा पुसायला चष्मा काढला, तेव्हा शेजारी होडीतलं पाणी उपसणारा होडीवाला त्यांच्याकडे बघत होता.

काकांनी त्याला विचारलं, "तो पूल तुम्हाला नीट दिसतोय का?"

"अर्धा दिसतोय," होडीवाला म्हणाला. "ऊन चढलं की उरलेला येतो."

काकांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि हात खाली घेतला.

एक, दोन, तीन. आणि अर्धी. पुढची कमान वर चढता चढता पांढऱ्यात विरून गेली होती. अठ्ठावन्न वर्षांत ते कितीदा तरी इथे सकाळचे आले होते आणि दर वेळी हे धुकं चष्म्यावर आहे असं समजून सदरे खराब करत आले होते.

मग त्यांनी गुडघ्यावर आपला नमुना उलगडला. खांब होता, कडं होतं, होड्या होत्या, सगळं जागच्या जागी. पण सगळं सारखंच जवळ. पलीकडच्या काठावरचं धुराडं हाताने उचलून खिशात घालावं असं, आणि मधलं पाणी म्हणजे कोरा कागद. नदी नव्हतीच, नदीबद्दलची नोटीस होती. समोर मात्र तेच धुराडं दोन केसांएवढं, आहे की नाही असं. ते तिथे होतं ते मधल्या राखाडीमुळे. आणि त्या राखाडीत, दुसऱ्या होडीच्या मागे, पाण्यावर उजेडाचा एकच पांढरा पट्टा पडला होता, बोटाने ओढल्यासारखा.

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. जिथे समोर धुकं होतं, तिथे बाईंनी एकही रेघ ओढली नव्हती. दमल्या नव्हत्या त्या. तेवढी जागा त्यांनी पुसणाऱ्यासाठी सोडली होती.

ऊन चढेपर्यंत ते तिथेच बसले, आणि खरंच एकेक कमान येत गेली. सातच होत्या. घरी परतले ते ब्रेडशिवाय. काकूंनी सदऱ्यामागे चिकटलेली माती पाहिली, तशीच ती घेऊन हे घरभर फिरताहेत हे पाहिलं, आणि ब्रेडचा विषय काढला नाही.

शनिवारी काका सगळ्यांच्या आधी छापखान्यात होते. खिडक्या बंद, फॅन दुकानात, कागद ओले. पत्र्यावर शाई चढवली. मग खडूच्या पुडीचा डबा त्यांनी मालकांच्या हातात दिला आणि बजावलं, की हा लपवा आणि मी मागितला तरी देऊ नका. मालक डब्यावरच बसले. काकांनी तो पाच मिनिटांत दोनदा मागितला. दुसऱ्यांदा तर दरडावून मागितला. मालक हलले नाहीत, पण बिचाऱ्यांना घाम फुटला.

एरवी कधीच न अडखळणारा तो हात त्या सकाळी अडखळत होता. पस्तीस वर्षांची सवय, कापड आपलं आपणच पुढे जायचं. पायऱ्यांवर आणि खांबावर काकांनी त्याला जाऊ दिलं, तिथे लख्ख केलं. होड्यांपाशी हलकं केलं. नदी आली तसा त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि कापड नुसतं फिरवलं, झोपलेल्या मुलावरून पांघरूण सारखं करावं तसं. पलीकडचा काठ आणि पूल आला, तेव्हा कापड उचललंच. पत्र्यावर मळ होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मानेला घाम आला, पण हात लावला नाही. शेवटी अंगठ्याला कापड गुंडाळून दुसऱ्या होडीच्या मागे एकच फटकारा मारला. एकच. मग कागद ठेवला आणि चाक फिरवलं.

बाई आल्या तेव्हा नमुना टेबलावर होता. त्यांनी आधी टॉवेल काढून हाताशी ठेवला. मालकांची नजर टॉवेलावर, काकांची बाईंवर. बाई वाकल्या, चित्राच्या अगदी जवळ नाक नेलं, मग भिंतीपर्यंत मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. काकांना पाचवीतल्या बाकावर बसल्यासारखं होत होतं.

"पूल अर्धाच आलाय की रे," बाई म्हणाल्या.

एरवी काकांनी उत्तराआधी चष्मा काढला असता. या वेळी काढला नाही. "ऊन चढलं की उरलेला येतो, बाई."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टॉवेल उचलला, त्याने आपले डोळे टिपले आणि तो तिथेच खुंटीला अडकवून टाकला. आता याचा काही उपयोग नाही, म्हणाल्या, पुसायला ठेव.

बाकीच्या अकरा प्रती मंगळवारपर्यंत झाल्या. अकराही निराळ्या, एकीत धुकं दाट, एकीत विरलेलं, एकीत तर पाऊस येणार असं वाटावं. कार्डं अशी आली असती तर काकांनी फाडली असती. बाईंनी प्रत्येकीखाली पेन्सिलीने डावीकडे लिहिलं 'रेघ' आणि आपलं नाव, उजवीकडे लिहिलं 'हवा' आणि काकांचं खरं नाव, आडनावासकट. प्रदर्शनात निम्म्या गावाला ते आडनाव पहिल्यांदा कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा फडके म्हणू लागले. पुलापाशीचा छापखानेवालाही आला होता. चित्रासमोर उभा राहिला, काही न बोलता गेला. काका ही गोष्ट आता पुढचं वर्षभर सांगणार, तेव्हा तयारीत राहावं.

काकू मात्र भिंतीवरच्या चित्रापाशी थबकल्या. छान आहे हो, म्हणाल्या, पण काच किती मळलीय, आणि हातरुमाल काढून पुढे झाल्या. काकांनी त्यांचं मनगट वरच्या वर धरलं.

"अगं, राहू दे. ती हवा आहे."

काकूंनी हात मागे घेतला, पण घेताना बोट काचेला टेकलंच. कोपऱ्यात, खांबाच्या जरा वर, ठसा उमटला. काका तो बघत राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चार माणसं पुढे जाऊ दिली. मग खांद्यावरचं फडकं हळूच ओढून त्यांनी तेवढाच ठसा पुसून टाकला.